महात्मा जोतीराव फुले : नगरपालिकेचे सभासद आणि शाळांचा कारभार

महात्मा जोतीराव फुले यांचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांना नव्याने सांगावे लागत नाही. तथागत बुद्ध आणि संत कबीर यांच्यानंतर बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्यांना आपले तिसरे गुरू मानले, त्या जोतीरावांची जयंती ११ एप्रिलला आणि स्मृतिदिन २८ नोव्हेंबरला आपण नेमाने पाळतो. भिडे वाड्यातील मुलींची शाळा, सावित्रीबाईंच्या अंगावर पडलेले शेण आणि अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केलेला घरचा हौद हे प्रसंग आमच्या लहान विद्यार्थ्यांनाही तोंडपाठ असतात. परंतु जोतीरावांच्या आयुष्यातील एक भाग व्यासपीठावरून क्वचितच सांगितला जातो. ते काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते आणि गावच्या शाळा गावच्या सभासदांच्या हाती किती द्याव्यात, या प्रश्नाचे त्यांनी सरकारदरबारी स्वच्छ उत्तर दिले होते. आज आमचे अनेक माजी विद्यार्थी आणि पालक ग्रामपंचायतीत, जिल्हा परिषदेत व शाळेच्या व्यवस्थापन समितीत बसतात. म्हणून हाच भाग येथे थोडा विस्ताराने मांडावा, असे आम्हांला वाटले.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. फुलांच्या व्यवसायामुळे ते फुले झाले. आई चिमणाबाई त्यांच्या तान्हेपणीच गेल्या आणि मावसबहीण सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना वाढविले. वडील गोविंदराव यांनी मुलास शाळेत घातले खरे, पण शूद्राच्या मुलाने शिकून काय करायचे, असे कान भरणारे भेटल्यावर त्याला काढून मळ्यात कामालाही लावले. पुढे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली, तेव्हा १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊ लागले. एका मुलाची शाळा गावातल्या वजनदार माणसांच्या एका शब्दाने सुटते आणि दुसऱ्या कोणाच्या रदबदलीने पुन्हा सुरू होते, हे त्यांनी स्वतः भोगले होते. त्यांची पुढची मते केवळ पुस्तकांतून आलेली नव्हती, हे ध्यानात ठेवावे.

१८४८ साली बुधवार पेठेत मुलींची शाळा निघाली. त्यानंतर महार, मांग आदी समाजांच्या मुलामुलींसाठी शाळा निघाल्या. घर सोडावे लागले तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला. सावित्रीबाई आणि फातिमाबी शिकवीत राहिल्या. या इतिहासाकडे आणखी एका बाजूने पाहता येते. शाळा वाढल्या, तशा त्यांच्या कारभारासाठी समित्या नेमाव्या लागल्या. सरकारची दक्षिणा फंडातून मदत येऊ लागली, युरोपियन अधिकाऱ्यांच्या आणि शहरातील प्रतिष्ठितांच्या वर्गण्या येऊ लागल्या. १८५२ मध्ये विश्रामबाग वाड्यात जोतीरावांचा शालजोडी देऊन सरकारी सत्कार झाला. पैसा आला की हिशेब येतो, हिशेबामागोमाग समिती येते आणि समितीत मते पडू लागतात. या शाळांमध्ये जोतीरावांनी नऊदहा वर्षे काम केले व नंतर ते त्या कामातून बाहेर पडले. कारणांचा तपशील सांगण्याची गरज नाही, एवढेच त्यांनी पुढे नोंदविले. संबंधित मंडळींवर जाहीर दोषारोप केला नाही. मुलींच्या शाळा समितीने सरकारच्या शिक्षण खात्याकडे सोपविल्या व त्या मिचेलबाईंच्या देखरेखीखाली चालू राहिल्या. महार-मांग मुलांची शाळाही चालू होती, पण १८८२ मध्ये तिची स्थिती समाधानकारक नाही, असे जोतीरावांना लिहावे लागले. ज्या शाळांतून शिकलेल्या मुक्ता साळवे हिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला, त्या शाळांच्या कामाची ही पंचवीस वर्षांनंतरची अवस्था होती. संस्था उभी करणारा माणूस बाजूस झाल्यावर ती कोणाच्या हाती जाते, याचे उत्तर जोतीरावांना असे घरच्या अनुभवातून मिळाले.

मधल्या काळातील कार्य सर्वश्रुत आहे. १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. १८७७ च्या दुष्काळात धनकवडी येथे निराश्रित मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालविला गेला. निवासी शाळेचे वाचक म्हणून आम्हांला त्याचे विशेष वाटते : मुलाला शिकवायचे तर आधी त्याच्या पोटाची व निवाऱ्याची सोय करावी लागते, हे त्या माणसाने तेव्हाच ओळखले होते. उपजीविकेसाठी जोतीराव शेती करीत, बांधकामाची कंत्राटे घेत, मालाचा पुरवठा करीत. धरणाच्या व पुलाच्या कामांवर राबणारा मजूर त्यांनी जवळून पाहिला होता.

१८७६ मध्ये सरकारने त्यांना पुणे नगरपालिकेचे सभासद नेमले. ‘नेमले’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो, कारण त्या वेळी नगरपालिकेत निवडणूक नव्हती. सरकार प्रतिष्ठितांची नावे काढी आणि ती माणसे शहराचा कारभार पाहत. नेमणुकीच्या खुर्चीत बसलेल्याने नेमणाऱ्याला खूश ठेवावे, असा साधारण रिवाज असतो. जोतीरावांनी तो पाळला नाही. व्हाइसरॉय पुण्यास येणार म्हणून शहर सजविण्यासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा विषय सभेपुढे आला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे जोतीरावांनी सुचविले. सूचना मान्य झाली नाही. खर्चाच्या विरोधात मत देणारे ते एकटेच निघाले. वस्त्यांत दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा त्यांनी त्याविरुद्ध लेखी तक्रार केली. शहरात भव्य मंडई बांधण्याची योजना निघाली, तेव्हाही एवढी रक्कम इमारतीत घालण्यास त्यांचा विरोध होता. शिक्षण आधी, मंडई नंतर, असा त्यांचा क्रम होता. मंडई झालीच आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उभी राहिली. पुढे तिलाच ‘महात्मा फुले मंडई’ हे नाव मिळाले. ज्या खर्चास त्यांनी विरोध केला, त्याच इमारतीवर आज त्यांचे नाव आहे, ही गोष्ट पुण्यास सहलीला जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी.

आता १८८२ सालाकडे येऊ. या एका वर्षात दोन गोष्टी जवळजवळ बरोबरच घडल्या. फेब्रुवारीत लॉर्ड रिपन यांच्या सरकारने सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. मे महिन्यात त्याच सरकारने स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव काढला. शहरांची आणि तालुक्यांची मंडळे लोकांनी निवडून द्यावीत, त्यांत बिनसरकारी सभासदांची बहुसंख्या असावी आणि स्थानिक कामे त्यांच्याकडे सोपवावीत, असा त्या ठरावाचा रोख होता. सुशिक्षित वर्गात आनंद झाला. त्यातच इंग्लंडचा नमुना डोळ्यांसमोर होता. तेथे १८७० च्या कायद्याने जागोजागी निवडून आलेली शाळामंडळे अस्तित्वात आली होती. कर बसवून शाळा बांधणे, शिक्षक नेमणे, मुलांची हजेरी सक्तीची करण्यासाठी पोटनियम करणे ही कामे त्यांच्याकडे होती. तसेच कारभारीपण येथेही यावे, अशी अपेक्षा बाळगणे गैर नव्हते.

जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे आपले निवेदन ठेवले. आपण व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद आहोत, अशी स्वतःची ओळख त्यांनी त्यात दिली. त्यांचे पहिले गाऱ्हाणे पैशाचे होते. त्या काळी शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होई आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी असे. आणा देणारा कुणबी खेड्यात राही, सरकारचा शिक्षणावरील मोठा खर्च मात्र शहरातील उच्च शिक्षणावर होई. इलाख्यातील दहा गावांपैकी नऊ गावांत प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही आणि सुमारे दहा लाख मुले त्यामुळे वंचित आहेत, हे त्यांनी आयोगाच्या नजरेस आणले. अस्पृश्य मानलेल्या समाजांची स्थिती तर याहून वाईट होती. इतर मुलांशेजारी बसू दिले जात नाही म्हणून ती मुले शाळांबाहेर राहत. खुद्द पुण्यात या समाजांची लोकसंख्या पाच हजारांहून अधिक, शाळा एक आणि हजेरी तीस मुलांच्याही आत, असा हिशेब त्यांनी दिला. निदान बारा वर्षे वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी सुप्रसिद्ध आहे.

त्याच निवेदनात नगरपालिकांविषयी काही ओळी आहेत आणि त्यांकडे फारसे लक्ष जात नाही. मोठ्या शहरांतील नगरपालिकांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा सगळा खर्च उचलावा, असे जोतीरावांनी सुचविले. आणि लगेच दुसरे सांगितले : असे असले तरी शाळांची व्यवस्था कोणत्याही परिस्थितीत सर्वस्वी नगरपालिकांच्या स्वाधीन करू नये, देखरेख शिक्षण खात्याची असावी. लिहिणारा स्वतः सहा वर्षे त्याच सभागृहात बसलेला होता. आपल्या सहकाऱ्यांना सजावटीसाठी हजार रुपये सहज मंजूर करताना त्याने पाहिले होते. त्याच शहरात पाच हजारांच्या वस्तीला तीस मुलांची एक शाळा होती, हेही तो पाहत होता. जवळ असलेली सत्ता आपोआप सगळ्यांच्या जवळची असते, हे त्यांना मान्य नव्हते. नगरपालिकेच्या दारापासून मांगवाडा हाकेच्या अंतरावर असला तरी सभेच्या कामकाजात तो शंभर कोस दूर राहू शकतो.

येथे इंग्लंडच्या शाळामंडळांची एक तरतूद आठवल्यावाचून राहवत नाही. तेथील मतदाराला जितक्या जागा तितकी मते असत आणि ती सगळी मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची त्याला मुभा होती. त्यामुळे संख्येने थोडे असलेले गटही एकवटून आपला एखादा माणूस मंडळावर पाठवू शकत. स्त्रियांनाही मत देता येई आणि उभेही राहता येई. १८७० मध्येच लंडनच्या मंडळावर दोन स्त्रिया निवडून आल्या. आपल्याकडे मंडळे आली, पण अशी वाट ठेवली गेली नाही. १८८४ च्या कायद्यांनी मुंबई इलाख्यात जिल्हा व तालुका लोकल बोर्डे आणि नगरपालिका यांत निवडणूक सुरू झाली. परंतु मत होते कर भरणाऱ्याला, मालमत्ता असलेल्याला, शिकलेल्याला. ज्याच्या मुलासाठी शाळा हवी, तो या यादीत येत नव्हता. हंटर आयोगाने मात्र प्राथमिक शाळांचा कारभार नगरपालिका व जिल्हा मंडळांकडे द्यावा, अशीच शिफारस केली. जोतीरावांचा इशारा बाजूस राहिला.

जोतीरावांच्या उपायात सर्व काही पुरे होते, असे आम्ही म्हणणार नाही. सरकारी देखरेखीवर त्यांनी जो भरवसा टाकला, तो सरकारने नेहमीच सार्थ केला नव्हता. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलास प्रवेश नाकारला आणि मुंबई सरकारने त्या नकारास पाठिंबा दिला होता. पुढे साताऱ्याच्या सरकारी शाळेत बाल भीमरावांना गोणपाटावर वेगळे बसावे लागले. दूरचा साहेबही गावच्या रूढीपुढे नमतो. पण जोतीरावांनी सगळा भार साहेबावर टाकला नव्हता, हेही त्यांच्या निवेदनातून दिसते. पर्यवेक्षक अधिकारी वर्षातून एकदा शाळेत येऊन गेल्याने काही साधत नाही. निरीक्षण दर तीन महिन्यांनी व्हावे आणि वर्दी न देताही व्हावे, असे त्यांचे म्हणणे होते. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी हाती धरण्याची ज्यांना लाज वाटणार नाही आणि जे खालच्या मानलेल्या लोकांत मोकळेपणाने मिसळतील असे असावेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यांना दरमहा निदान बारा रुपये, मोठ्या गावी पंधरा ते वीस रुपये पगार असावा. वाचन, लेखन, मोडी, बालबोध, हिशेब यांच्या जोडीला शेतकीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान द्यावे. गरीब घरची मुले गुरांमागे जातात म्हणून त्यांच्यासाठी शिष्यवृत्त्या व बक्षिसे ठेवावीत. खर्च कोणी द्यावा, लक्ष कोणी ठेवावे आणि वर्गात उभे कोणी राहावे, या तिन्हींची उत्तरे त्यांनी वेगवेगळी दिली. त्यांतले तिसरे उत्तर आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते.

नगरपालिकेतील पर्व येथे संपते. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. त्यातही कर देणारा शेतकरी आणि त्या करावर पोसला जाणारा कारभार यांचीच कथा आहे. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या मेजवानीस जोतीराव साध्या शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि देशातील दारिद्र्य त्यांनी पाहुण्यापुढे मांडले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईतील मांडवी येथील सभेत त्यांना महात्मा ही पदवी देण्यात आली. नंतर पक्षाघाताने उजवा हात निकामी झाला, तरी डाव्या हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला. पुस्तक त्यांच्या पश्चात १८९१ मध्ये निघाले. सत्यशोधक समाजाचे काम सावित्रीबाईंनी पुढे चालविले.

जोतीरावांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र त्यांच्याबरोबर गेला नाही. १९२३ मध्ये मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे जाऊ लागला. पाच वर्षांनी, २९ मे १९२८ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी निवेदन सादर केले. हा कायदा रद्द होऊन प्राथमिक शिक्षण स्कूल बोर्डांकडे सोपविणे थांबत नाही, तोपर्यंत अस्पृश्यांच्या शिक्षणाची मोठी हानी होत राहील, असे त्यांनी त्यात बजावले. दोघांच्या निवेदनांत शेहेचाळीस वर्षांचे अंतर आहे. एकाने नगरपालिकेच्या आतून पाहिले, दुसऱ्याने वर्गाच्या बाहेरून. पण बोट एकाच जागी ठेवले. १९४६ मध्ये ‘शूद्र पूर्वी कोण होते’ हा इंग्रजी ग्रंथ बाबासाहेबांनी जोतीरावांना अर्पण केला, हे सर्वांना माहीत आहे. त्या अर्पणामागे हाही एक धागा आहे, असे आम्ही मानतो.

मंडळांना बाबासाहेबांचा विरोध होता म्हणून लोकनियुक्त कारभारालाच त्यांचा विरोध होता, असा अर्थ कोणी काढू नये. सभागृहात आपली माणसे आपल्या हक्काने बसली पाहिजेत, हा त्यांचा आयुष्यभराचा लढा होता. आज त्या लढ्याचा काही भाग कायद्यात आला आहे. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या व ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत अनुसूचित जाती व जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात, तसेच स्त्रियांसाठी जागा राखून ठेवल्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना प्रमाणात जागा द्यावी लागते. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, विकास आराखडा तयार करणे आणि आलेल्या अनुदानाचा विनियोग तपासणे ही त्या समितीची कामे आहेत.

आमच्या वाचकांपैकी ज्या माउली या समितीच्या बैठकीला रोजंदारी बुडवून जातात, त्यांच्यापुढे बहुधा तयार ठराव येतो आणि सहीची जागा दाखविली जाते. त्यांनी सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात, अशी आमची विनंती आहे : पैसा किती आला, तो कशावर गेला, आणि वस्तीतील कोणते मूल महिनाभर शाळेत दिसले नाही. उत्तर मिळेपर्यंत पेन खाली ठेवावे. पुणे नगरपालिकेच्या सभेत सगळ्यांची मते एका बाजूला पडली, तेव्हा जोतीराव एकटेच विरोधात उभे राहिले होते.